मॉस्किटो खाडीचा उजेड

पोर्तो रिकोच्या पूर्व टोकापासून सुमारे १३ किलोमीटरवर व्येकेस नावाचे बेट आहे. लांबी ३४ किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम ७, आणि २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती सव्वाआठ हजारांच्या घरात. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एस्पेरान्सा हे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच्या पूर्वेला, खाचखळग्यांचा कच्चा रस्ता जिथे संपतो तिथे, मॉस्किटो खाडी लागते. दिवसाउजेडी या खाडीत मुद्दाम जाऊन पाहावे असे काही नाही. गढूळ, उथळ पाणी, काठाला खारफुटीची दाटी, चिखलाचा दर्प आणि नावाला जागणारे डास. अंधार पडला आणि चंद्र नसला की मात्र हेच पाणी जरा ढवळले तरी निळसर उजेडाने पेटते. गिनीजच्या विक्रमनोंदीत जगातली सर्वांत तेजस्वी प्रकाशमान खाडी म्हणून हिचेच नाव आहे. ती पाहायला येणाऱ्यांच्या जोरावर आज बेटाच्या अर्थकारणाचा मोठा भाग चालतो.

निसर्गाचा अस्पर्श चमत्कार म्हणून या खाडीची जाहिरात होते. ‘अस्पर्श’ हे विशेषण तिला लावणे कठीण आहे. भोवतालच्या जमिनीवर उसाचे मळे झाले, गुरे चरली, अमेरिकी आरमाराने तारेची कुंपणे घातली आणि बॉम्ब टाकले. त्यानंतर पर्यटक आले. इतके सगळे होऊनही उजेड टिकला. त्याचे कारण निसर्गाच्या रचनेत जितके आहे, तितकेच किनाऱ्यावर काय घडले आणि काय घडायचे राहून गेले यात आहे.

हा उजेड पायरोडिनियम बहामेन्स नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा. डायनोफ्लॅजेलेट या गटातला हा जीव मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. त्याच्या अंगावर कठीण पट्ट्यांचे कवच आणि पोहण्यासाठी दोन शेपट्या असतात, आणि वनस्पतीसारखे तो सूर्यप्रकाशातून अन्नही तयार करतो. पाण्याच्या हालचालीने पेशीच्या पटलावर ताण आला की आत एक विद्युत्-लहर उठते. तिच्यामुळे पेशीतल्या बारीक पुटिकांमधला द्रव एकाएकी आम्लधर्मी होतो, आणि तिथे बांधून ठेवलेले ल्युसिफेरिन हे द्रव्य मोकळे होऊन ल्युसिफरेझ या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावते. या साऱ्यातून निघणारी ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ टिकते. एका पेशीची ठिणगी डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी असते. लाखो पेशी एकदम चमकल्या की पाणी पेटल्यासारखे वाटते. मॉस्किटो खाडीत एका गॅलन पाण्यात सात लाखांहून अधिक पेशी असतात, असा आकडा सफरींच्या माहितीपत्रकांत हमखास छापलेला असतो. प्रत्यक्षात ही संख्या ऋतू, वारा, पाऊस आणि खाडीतली जागा यांप्रमाणे कमालीची बदलते.

या पेशी दिवसा चमकत नाहीत. त्यांच्यात एक जैविक घड्याळ असते. ते कसे चालते याचा पाया बिआट्रिस स्वीनी आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९५० च्या दशकात, दुसऱ्या एका डायनोफ्लॅजेलेटवर प्रयोगशाळेत काम करून घातला. कायम अंधारात ठेवलेल्या पेशीही दिवस-रात्रीचा ताल काही काळ पाळतात, असे त्यांना आढळले. या प्रकाशाचा जीवाला उपयोग काय, यावर मार्टिन बर्केनरोड यांनी १९४३ मध्ये एक तर्क मांडला, आणि तो आजही मान धरून आहे. पेशी खायला आलेला बारीक कवचधारी प्राणी तिला हलवतो, पेशी चमकते, आणि त्या उजेडात तो प्राणीच मोठ्या माशाच्या नजरेस पडतो. चोराच्या अंगावर प्रकाशझोत टाकण्याची ही युक्ती आहे.

असे जीव उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच समुद्रांत सापडतात. पण वर्षभर, रात्रीमागून रात्री, एकाच ठिकाणी गच्च भरून राहतात त्या जागा जगात मोजक्याच. त्यासाठी खाडीचा घाट जुळून यावा लागतो. मॉस्किटो खाडीचे समुद्राकडचे तोंड अरुंद आणि वाकडे आहे, कॅरिबियनमधली भरती-ओहोटी मुळात फारच कमी, आणि पाणी उथळ व उबदार. त्यामुळे आतले पाणी सावकाश बदलते. पेशी दिवसा उजेडाकडे वर येतात. त्या वेळी वारा आणि प्रवाह त्यांना कोणत्या बाजूला लोटतात यावर त्यांची गर्दी ठरते. जमैकातल्या फाल्मथजवळच्या ऑयस्टर खाडीत हॉवर्ड सेलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच यंत्रणा तपासून १९७० मध्ये प्रसिद्ध केली. राहिला अन्नाचा प्रश्न. तांबडी खारफुटी कमानीसारखी मुळे पाण्यात रोवून उभी असते, तिची पाने सतत गळतात आणि चिखलात कुजतात. त्या कुजण्यातून सूक्ष्मजीवांना लागणारी पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात. पॉल आणि लिलियन बर्कहोल्डर या दांपत्याने १९५८ मध्ये पोर्तो रिकोतल्याच दुसऱ्या एका खाडीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ब जीवनसत्त्वांचा आणि खाडीच्या सुपीकतेचा संबंध तपासला होता. झाडे तोडली तर उजेड जाईल, हे सांगायला तेव्हापासून शास्त्रीय आधार मिळाला.

समुद्र रात्री का चमकतो, हा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला बराच वेळ लागला. ११ ऑक्टोबर १४९२ च्या रात्री, जमीन दिसण्याच्या काही तास आधी, कोलंबसाने मेणबत्तीसारखा वरखाली होणारा एक उजेड पाहिल्याची नोंद केली. तो समुद्री किड्यांचा उजेड असावा, असा तर्क क्रॉशे नावाच्या संशोधकाने १९३५ मध्ये मांडला. त्यावर वाद आजही आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांना सुरुवातीला वाटत होते की पाणी आणि मीठ यांच्या घर्षणातून वीज उत्पन्न होते आणि तिचा हा प्रकाश. समुद्राचे पाणी बाटलीत भरून हलवून पाहिल्यावर त्यांना शंका आली. १७५३ च्या सुमारास बोस्टनच्या जेम्स बौडॉइन यांनी हा उजेड पाण्यातल्या अतिसूक्ष्म प्राण्यांचा असावा असे त्यांना सुचवले, आणि फ्रँकलिन यांनी ते मनमोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेन्री बेकर यांच्या सूक्ष्मदर्शकावरच्या ग्रंथातही समुद्र चमकवणाऱ्या अशाच जीवांचे वर्णन छापले गेले.

यातला रसायनाचा भाग उलगडला तो कॅरिबियनच्याच एका प्राण्यामुळे. या बेटांवर कुकुयो नावाचा भुंगा असतो, त्याच्या पाठीवर दोन हिरवे दिवे असतात. मूळ ताइनो लोक रात्री चालताना त्यांचा दिव्यासारखा उपयोग करत, असे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लेखकांनी लिहून ठेवले आहे. फ्रान्समधले राफाएल द्युबोआ यांनी १८८५ मध्ये याच भुंग्यावर प्रयोग केले, आणि १८८७ मध्ये फोलास या शिंपल्यावर. त्यांतून ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेझ या दोन द्रव्यांची कल्पना पुढे आली. डायनोफ्लॅजेलेटमधले ल्युसिफेरिन भुंग्यातल्यापेक्षा वेगळे, हरितद्रव्याशी नाते सांगणारे निघाले. नावे मात्र तीच राहिली.

चमकते पाणी पाहायला पैसे देऊन जायचे, ही प्रथा व्येकेसच्या आधी बहामाच्या नॅसाऊमध्ये रुजली. शहराबाहेर वॉटर्लू नावाच्या मालमत्तेत एक खारे तळे होते, त्याला लोक आगीचे तळे म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली थंडी टाळायला नॅसाऊला येणाऱ्या श्रीमंतांच्या कार्यक्रमात या तळ्यावरची रात्रीची नौकासफर असे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुडविग प्लाटे यांनी तिथल्याच पाण्यातून पायरोडिनियम बहामेन्सचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०६ मध्ये केले. म्हणजे व्येकेसच्या जीवाला बहामाचे नाव मिळाले ते या पर्यटनस्थळामुळे. पुढे त्या तळ्याचा उजेड विझत गेला आणि ते सफरींच्या यादीतून बाहेर पडले. चमकत्या पाण्याची कीर्ती आणि त्याचे आयुष्य यांचा मेळ बसतोच असे नाही, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण पोर्तो रिकोच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या ला पार्गेराचे. मासेमारीवर जगणाऱ्या या गावाजवळ जी खाडी आहे, तिला स्पॅनिशमध्ये बाहिया फोस्फोरेसेन्ते म्हणतात. पोर्तो रिको विद्यापीठाने १९५४ मध्ये इथल्या मागेयेस बेटावर सागरी संशोधन केंद्र उघडले, त्यामुळे प्रकाशमान खाड्यांविषयीचे बरेचसे जुने शास्त्रीय लेखन याच खाडीवर झाले. संशोधकांच्या पाठोपाठ पर्यटक आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली सफर म्हणजे इंजिनाच्या मोठ्या होडीत बसायचे, खाडीत मध्यावर थांबायचे आणि खलाशाने पाण्यात सूर मारून उजेड दाखवायचा, अशी ठरून गेली. बंदराभोवती उपाहारगृहे आणि निवासगृहे वाढली. पाण्यात खांब रोवून सुट्टीतली घरे उभी राहिली, त्यांचे सांडपाणी आणि दिवे दोन्ही खाडीच्या वाट्याला आले. आधीच्या पिढीने पाहिलेला उजेड आता उरला नाही, हे तिथे जाहीरपणे बोलले जाते. ला पार्गेरा नाहीशी झाली नाही, मंदावली. आणि व्येकेसला कीर्ती मिळाली ती काही अंशी या मंदावण्यामुळे.

व्येकेस त्या काळात पर्यटनाच्या नकाशावरच नव्हते. तसे नसण्याची कारणे बेटाच्या आधीच्या इतिहासात आहेत. स्पॅनिश येण्याआधी इथे ताइनो लोकांची वस्ती होती. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कासिमार आणि याउरेइबो या दोघा भावांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढल्यावर बेट ओस पडले. पुढची तीनशे वर्षे त्यावर कोणाचाच धड ताबा नव्हता. लाकूडतोडे, चाचे, पळालेले गुलाम आणि शेजारच्या बेटांवरून येणारे मच्छीमार यांची ती आसऱ्याची जागा होती. मॉस्किटो हे खाडीचे नाव चाचा रोबेर्तो कोफ्रेसी याच्या जहाजावरून पडले, असे सांगितले जाते. कोफ्रेसीला १८२५ मध्ये सान हुआनमध्ये गोळ्या घालून मारले, एवढे पक्के. सफरीवरच्या मार्गदर्शकांची आणखी एक आवडती कथा आहे: पाण्यातला उजेड पाहून स्पॅनिशांना त्यात सैतानाचा हात दिसला, त्यांनी खाडीचे तोंड दगडांनी बुजवायचा प्रयत्न केला आणि त्यामुळेच उजेड वाढला. कथा मोठी चतुर आहे, कारण तिच्यात अरुंद तोंडाचे महत्त्व बरोबर पकडले आहे. इतिहास म्हणून ती घेता येत नाही.

खरी वसाहत १८२३ नंतरची. तेओफिलो ल गियू या फ्रेंच मळेवाल्याने इथे उसाची लागवड बसवली आणि राज्यपालाच्या वतीने बेटाचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये बेट अधिकृतपणे पोर्तो रिकोला जोडले गेले. प्लाया ग्रांदे, सांता मारिया, आर्कादिया असे साखर कारखाने उभे राहिले. गुलामांच्या आणि ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरून आणलेल्या मजुरांच्या घामावर ते चालत, आणि मजुरीवरून दंगे होत. एस्पेरान्सा हेही साखर चढवण्याचे बंदर होते. उसासाठी बेटाच्या टेकड्या बऱ्याच बोडक्या झाल्या. मात्र खाडीकाठची खारी, दलदलीची पट्टी उसाच्या कामाची नव्हती, तिथली खारफुटी त्यामुळे बरीच वाचली. त्या काळी खाडीच्या उजेडाची कोणी जाहिरात केली नाही. रात्री जाळी टाकणाऱ्यांना तो ठाऊक होता आणि त्यांच्या दृष्टीने ती अडचणच असावी, कारण चमकणाऱ्या जाळ्यातून मासे निसटतात.

१९४१ मध्ये अमेरिकी आरमाराने बेट ताब्यात घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने आधी पश्चिमेकडचा आणि मग पूर्वेकडचा भाग गेला. दशक संपेपर्यंत बेटाची सुमारे तीन चतुर्थांश जमीन आरमाराकडे होती. प्लाया ग्रांदेचा कारखाना बंद पडला. मळ्यांवर घरे असलेल्या मजुरांकडे जमिनीचे कागद नव्हते, कित्येकांना एका दिवसाच्या मुदतीवर घर सोडावे लागले. त्यांना मधल्या पट्ट्यात मोंते सांतो आणि सांता मारिया इथे मोजून दिलेल्या तुकड्यांवर हलवले. दहा हजारांच्या आसपासची वस्ती दोन लष्करी क्षेत्रांच्या मधे कोंबली गेली. पश्चिमेला दारूगोळ्याची कोठारे, पूर्वेला नौदलाच्या तोफांचा आणि विमानांच्या बॉम्बफेकीचा सराव. मॉस्किटो खाडी या नागरी पट्ट्याच्या पूर्व कडेला पडली. तिच्या पलीकडच्या पुएर्तो फेर्रो आणि तापोन या दोन प्रकाशमान खाड्या कॅम्प गार्सिया या लष्करी तळाच्या हद्दीत गेल्या.

१९६१ मध्ये तर संपूर्ण बेट रिकामे करून घेण्याची योजना पुढे आली. जिवंत माणसांबरोबर कबरींतल्या मृतांनाही हलवायचे, म्हणजे नातेवाइकांना परत यायचे निमित्त उरणार नाही, असा तिचा एक भाग होता. त्यामुळे ती ‘द्राकुला योजना’ म्हणून ओळखली जाते. पोर्तो रिकोचे राज्यपाल लुइस मुन्योस मारिन यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याकडे कडाडून विरोध नोंदवला आणि ती बारगळली. योगायोग असा की त्याच वर्षी पीटर ब्रुक यांनी ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या चित्रपटासाठी निर्जन बेट म्हणून व्येकेसचे किनारे वापरले. ज्या बेटावरून माणसे हुसकायचा घाट घातला जात होता, ते पडद्यावर आधीच निर्मनुष्य दाखवले गेले.

या साठ वर्षांच्या लष्करी ताब्याने बेटाचे जे नुकसान केले, त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम खाडीवर झाला. शेजारच्या सेंट थॉमसवर आणि सान हुआनच्या किनारी ज्या काळात मोठी हॉटेले उभी राहिली, त्या काळात व्येकेसला कोणी पैसा लावायला तयार नव्हते. रोज स्फोटांचे हादरे बसणाऱ्या बेटावर पंचतारांकित खोल्या कोण बांधणार? ऊस गेला, त्या जागी गुरे चरली आणि मग काटेरी झुडपांचे रान माजले. खाडीच्या पूर्वेला दिवे लागले नाहीत, सांडपाण्याचे नळ आले नाहीत. आरमाराने खाडी राखली असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्याच्या हिशेबात खाडी नव्हतीच. पण आरमार असल्यामुळे इतर जे आले असते ते आले नाही, हे खरे.

खाडीला सरकारी मान्यता याच काळात मिळाली. १९८० मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने तिला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा दिला. १९८४ मध्ये एस्पेरान्सात व्येकेस कॉन्झर्व्हेशन अँड हिस्टॉरिकल ट्रस्ट ही संस्था सुरू झाली, आणि खाडीची पाहणी व शाळकरी मुलांना तिची ओळख करून देणे ही कामे तिने हाती घेतली. सफरीही याच सुमारास आकाराला आल्या. ला पार्गेराचा धडा समोर असल्याने इथे पेट्रोलच्या इंजिनांऐवजी विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या सपाट होड्या वापरल्या गेल्या, आणि पुढे कायाक या वल्ह्याच्या छोट्या होड्यांचे प्रस्थ वाढले.

बेटाचे राजकारण मात्र वेगळ्या दिशेने तापत होते. ६ फेब्रुवारी १९७८ रोजी व्येकेसच्या मच्छीमारांनी आपल्या लहान होड्या आडव्या घालून युद्धनौकांचा सराव अडवला होता. सरावाच्या जहाजांमुळे त्यांचे पिंजरे आणि जाळी तुटत होती, हे मूळ कारण. १९ एप्रिल १९९९ रोजी चुकून टाकलेल्या बॉम्बमुळे दाविद सानेस रोद्रिगेस या स्थानिक सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला आणि आंदोलनाने सगळे पोर्तो रिको पेटले. सरावाच्या मैदानात माणसांनी तळ ठोकले, शेकडोंना अटक झाली. १ मे २००३ रोजी आरमाराने बेट सोडले. सोडलेल्या जमिनीचा बहुतेक भाग अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे जाऊन तिथे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झाले. २००५ मध्ये बेटाचा पूर्वेकडचा भाग आणि भोवतालचे पाणी अमेरिकेतल्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत घातले गेले. एकच जमीन अभयारण्यही आणि न फुटलेल्या बॉम्बचे शेतही, अशी ही विचित्र अवस्था आहे.

आरमार गेल्यावर पर्यटक झपाट्याने वाढले, आणि खाडी हे त्यांचे पहिले ठिकाण ठरले. सुरुवातीला पोहण्यावर बंदी नव्हती. काळोखात पाण्यात उडी मारून हातपाय हलवायचे आणि आपल्याच अंगाभोवती उजेडाचे वलय पाहायचे, हाच सफरीचा कळस असे. शेकडो माणसांच्या अंगावरचे डास पळवायचे मलम, सनस्क्रीन आणि तेल रोज रात्री त्या बंदिस्त पाण्यात उतरत होते. २००७ मध्ये पोहायला मनाई झाली. पोर्तो रिकोने २००८ मध्ये प्रकाशप्रदूषणाविरुद्ध कायदाही केला. उजेड पाहायचा तर काळोख जपावा लागतो, हे पटवण्यात इथल्या कार्यकर्त्यांची बरीच शक्ती गेली, आणि एस्पेरान्साच्या रस्त्यावरचे दिवे हा वादाचा विषय राहिला.

आजची सफर साधारण अशी असते. पाहुणे बोटीने बेटावर येतात. पूर्वी ही बोट मुख्य बेटावरच्या फाहार्दोहून सुटे, २०१८ पासून ती सेइबाच्या जुन्या नौदलतळाच्या धक्क्यावरून सुटते, म्हणजे लष्कराची जागा इथेही पर्यटनाने घेतली आहे. रात्री एस्पेरान्सातून जुनाट गाडीत बसवून कच्च्या रस्त्याने खाडीवर नेतात. काठाच्या अंधारात होड्या रांगेने लावलेल्या असतात, काही कंपन्यांकडे पारदर्शक तळाच्या. काठावर पाण्यात पाय ठेवला की घोट्याभोवती धुरकट उजेड उठतो. वल्हे पाण्यात शिरते तिथे लहान भोवरा पेटतो आणि वल्हे वर उचलले की त्यावरून ओघळणारे थेंब पुन्हा पाण्यात पडताना एकेक ठिणगी टाकतात. होडीला बिचकून मासा पळाला तर त्याची वाट रेघेने उमटते. पाऊस आला तर सगळा पृष्ठभाग टिपक्याटिपक्यांनी उजळतो. जाहिरातीतले गर्द निळे रंग मात्र दिसत नाहीत. मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, त्यामुळे बहुतेकांना हा उजेड पांढरट-निळा भासतो; गर्द निळा रंग बराच वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचा आणि पुष्कळदा संगणकावरच्या रंगकामाचा असतो. कंपन्या पौर्णिमेच्या आसपास सफरी बंद ठेवतात. तिकिटे अमावास्येच्या आठवड्याची आधी संपतात.

उजेड कायमचा आहे, ही समजूत २०१० च्या दशकात तीनदा मोडली. २०१३ च्या नोव्हेंबरात मुख्य बेटावरच्या फाहार्दोजवळची लागुना ग्रांदे ही प्रकाशमान खाडी एकाएकी काळी पडली. जवळच्या बांधकामापासून वाऱ्यापर्यंत अनेक कारणांची चर्चा झाली, आणि नंतर उजेड परत आला. २०१४ च्या सुरुवातीला मॉस्किटो खाडीही मंदावली. नेहमीचा वारा बदलून समुद्राचे पाणी आत ढकलले जात होते, हे त्याचे एक कारण मानले गेले. खाडी काही महिने सफरींसाठी बंद ठेवण्यात आली. त्याहून मोठा तडाखा २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बसला. ६ तारखेला इर्मा आणि २० तारखेला मारिया ही चक्रीवादळे आली. मारियाने बेटाचे रुग्णालय निकामी केले, वीज कित्येक महिने नव्हती. खाडीकाठची खारफुटी पर्णहीन झाली, धो धो पावसाच्या गोड्या पाण्याने आणि लाटांनी आतले पाणी धुऊन नेले आणि उजेड गेला. काही महिन्यांनी, २०१८ च्या पहिल्या सहामाहीत, तो परतला. बेटावर दिवे नव्हते आणि पर्यटक नव्हते, त्या दिवसांत तो पूर्वीहून तेजस्वी वाटला असे स्थानिक लोक सांगतात. यात खाडीच्या विश्रांतीचा वाटा किती आणि अंधाराचा किती, हे ठरवणे अवघड आहे.

या जीवाची दुसरी बाजू सफरीत कोणी सांगत नाही. पायरोडिनियमचाच प्रशांत महासागरातला प्रकार विष तयार करतो. १९७२ मध्ये पापुआ न्यू गिनीत आणि पुढे बोर्निओ व फिलिपिन्समध्ये हे विष साठलेले शिंपले खाऊन माणसे दगावली. अटलांटिकमधला प्रकार निरुपद्रवी मानला जात होता. २००२ नंतर फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर खाजणातले फुगा मासे खाऊन लोकांना विषबाधा झाली आणि तिचे मूळ याच जीवात निघाले, तेव्हा ती समजूत सोडावी लागली.

कोकणात हिवाळ्याच्या रात्री देवगडपासून जुहूपर्यंत कधीकधी लाटा निळ्या चमकतात आणि त्यांची छायाचित्रे फिरू लागतात. त्या घटनेचा व्येकेसच्या खाडीशी संबंध नावापुरता आहे. आपल्याकडे चमकतो तो नॉक्टिल्युका, आकाराने कितीतरी मोठा आणि स्वभावाने भटका. अनुकूल हवामान व अन्न मिळाले की तो खुल्या समुद्रात फोफावतो, किनाऱ्याला लागतो आणि काही दिवसांत ओसरतो. अरबी समुद्रात त्याचे हिरवे थर वाढणे हे पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनचे लक्षण असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. तिथे उजेड वाढला तर काळजी वाटावी, व्येकेसला तो घटला तर.

पोर्तो रिकोच्या तीन नामांकित खाड्यांचे आजचे नियम वेगवेगळे आहेत. ला पार्गेरात इंजिनाच्या होड्या चालतात आणि पाण्यात उतरता येते. फाहार्दोच्या लागुना ग्रांदेत पोहायला बंदी आहे. तिच्या काठची जमीन १९७५ पासून पोर्तो रिकोच्या संवर्धन न्यासाकडे आहे, आणि खारफुटीतल्या लांब अरुंद कालव्यातून वल्हवत आत जावे लागते. व्येकेसला पोर्तो रिकोच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचा परवाना असलेल्या कंपन्यांनाच सफरी नेता येतात, पोहणे आणि इंधनावरची इंजिने बंद आहेत. खाडीच्या पूर्वेला, जुन्या कॅम्प गार्सियाच्या हद्दीत, दारूगोळा शोधून निकामी करण्याचे काम आरमाराच्या खर्चाने सुरू आहे. पुएर्तो फेर्रो आणि तापोन या खाड्या अभयारण्यात असल्या तरी त्यांच्याकडे रात्रीच्या सफरी वळलेल्या नाहीत.